पाच टेक्निकल पेपर, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागलीये – वाचताना सगळं कळतं पण पेपरात सुटत नाही, अभ्यास नेमका कसा करू?

कंबरतलाव
नमस्कार मंडळी. मी सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, सोलापुरातच. दिवाळी झाली, सबमिशनची धावपळ संपली, आता पीएल लागलीये आणि समोर पाच विषय उभे आहेत – मॅथ्स थ्री, थर्मो (थर्मोडायनॅमिक्स), एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), फ्लुइड (फ्लुइड मेकॅनिक्स) आणि मटेरियल सायन्स. रोज सकाळी बसतो, एक विषय घेतो, नोट्स वाचतो, सोडवलेली गणितं बघतो, हायलायटरने खुणा करतो, तेव्हा सगळं कळतं, आणि दोन दिवसांनी तेच गणित आकडे बदलून समोर आलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. एका विषयाला आठवडा दिला की आधीचा विषय डोक्यातून पुसला जातो. बसायची तयारी आहे माझी, तासांचा प्रश्न नाही, पण बसून नेमकं काय करायचं ते सांगा. ज्यांनी असले चार-पाच विषय एकदम काढलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा की.

सातरस्ता
भावा एवढं टेन्शन नको घेऊ. मागच्या पाच वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्याकडून घे, रिपीट होणारे प्रश्न मार्क कर, त्यांची उत्तरं पाठ कर, निघतोय विषय. सगळी पोरं तेच करायलेत.

शेंगाचटणी
पेपर काढ हे बरोबर, पण पाठ कर हे मटेरियल सायन्सच्या थिअरीला एकवेळ चालेल, एसओएमला कसं चालणार बे? सपोर्ट बदलला, लोडची जागा बदलली की पाठ केलेलं सगळं संपलं.

होटगीरोड
मी पण मेकॅनिकलचाच, आता एमआयडीसीत डिझाइनला आहे आणि रविवारी आमच्या इथल्या ज्युनियर पोरांना एसओएम आणि थर्मो सांगतो, त्यामुळे हा प्रश्न लय जवळचा आहे, लांबलं तरी वाच.

गणित वाचणं आणि गणित सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाचताना प्रत्येक ओळ पटते कारण पुढची ओळ तिथे छापलेलीच असते, पेपरात नेमकी तीच पुढची ओळ तुला आणायची असते आणि तिचा सराव तू केलेलाच नसतो. आईला रोज भाकरी थापताना बघून कोणाला भाकरी येत नाही, पिठात हात घालावाच लागतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे, पीएलचा जास्तीत जास्त वेळ वही मिटलेली आणि समोर कोरा कागद असा गेला पाहिजे. टॉपिकचं एक सोडवलेलं गणित नीट समजून घे, प्रत्येक स्टेप का घेतली ते तोंडाने बोल, मग पुस्तक बंद करून तेच गणित पहिल्या ओळीपासून स्वतः लिही. अडलास तर पाच-दहा मिनिटं झगड, लगेच उत्तर बघू नको, मग फक्त अडलेली ओळ बघ आणि परत बंद कर.

साधं उदाहरण घे. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना नुसती टेकलेली तुळई), डाव्या टोकापासून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड, सेक्शन आयताकृती, रुंदी १०० मिमी आणि उंची २०० मिमी, मॅक्सिमम बेंडिंग स्ट्रेस काढा. बीमचं स्वतःचं वजन सोड. बघायला सोपं आहे. डावी रिअ‍ॅक्शन ८, उजवी ४, शिअर फोर्स लोडखाली चिन्ह बदलतो म्हणून मॅक्सिमम मोमेंट तिथेच, ८ गुणिले २ म्हणजे १६ किलोन्यूटन मीटर. इथपर्यंत सगळे येतात. पुढे सेक्शन मोड्युलस रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले ६, म्हणजे साधारण ६.६७ लाख घन मिमी, आणि स्ट्रेस २४ न्यूटन पर चौरस मिमी. आता कोऱ्या कागदावर पोरं काय करतात ते मी दर रविवारी बघतो. कोणी मोमेंटला १० चा सहावा घात लावायचं विसरतो, कोणी १०० आणि २०० उलटे टाकतो आणि स्ट्रेस बरोब्बर दुप्पट म्हणजे ४८ येतो, आणि उत्तर चुकलंय हे त्याला कळत पण नाही कारण ४८ हा आकडा पण दिसायला ठीकच दिसतो. वाचून वाचून या दोन जागा कधीच दिसत नाहीत, हाताने सोडवल्यावरच दिसतात. तेव्हा एक वेगळी वही कर, तिच्यात गणितं नाहीत, फक्त कुठे घसरलं ते एका ओळीत. "उंची ती ज्या दिशेला लोड आहे", "मोमेंट न्यूटन मिमीत". पेपरच्या आदल्या रात्री ती वही वाच, जाडजूड नोट्स नको.

आणि हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, आणि आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे बघ, परत वाचलं की लगेच 'आलं आलं' वाटतं ते खोटं नाही, तेव्हा ते खरंच येत असतं, फक्त टिकत नाही. आणि तुझा पेपर पाच मिनिटांनी नाहीये.

कंबरतलाव
दादा हे अगदी माझंच चाललंय. पण एक शंका, असं एकेक गणित कोऱ्या कागदावर करत बसलो तर पाच विषयांचा सिलॅबस कधी संपायचा? आणि एक विषय पूर्ण संपवून मग दुसरा घ्यायचा का रोज सगळे थोडे थोडे?

होटगीरोड
रोज पाच नको, डोकं फिरेल. पण आठवडाभर एकच विषय तर अजिबात नको, तुझा आधीचा विषय पुसला जातोय त्याचं कारणच ते आहे. रोज दोन किंवा तीन विषय घे, एक जड गणिताचा, एक दुसऱ्या जातीचा. सकाळी थर्मो तर दुपारनंतर मॅथ्स, संध्याकाळी तासभर मटेरियल. आणि दुसऱ्या दिवशी नवीन काही उघडायच्या आधी कालच्या टॉपिकचं एक गणित न बघता. ते एक गणित म्हणजे उजळणी, वेगळी उजळणी ठेवायची नाही.

सिलॅबस संपवायचं म्हणशील तर सगळी गणितं करायची नसतातच, गणिताचे प्रकार करायचे असतात. फ्लुइडमध्ये व्हेंच्युरीमीटरची (पाइपमधला प्रवाह मोजायचं साधन) दहा गणितं आहेत पण प्रकार दोन-तीनच, मॅनोमीटरमध्ये पारा आणि पाइपमध्ये पाणी असेल तर डिफ्लेक्शनला (पाऱ्याच्या पातळीतला फरक) १२.६ ने गुणलं की हेड, म्हणजे दाबातला फरक पाण्याच्या उंचीत, २० सेंटीमीटर पारा म्हणजे २.५२ मीटर पाणी. ते १२.६ कुठून आलं (१३.६ वजा १, कारण पाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पाणी पण आहे) एवढं पक्कं असलं की तेल घातलं काय अजून काही घातलं काय, सुटतंय.

सातरस्ता म्हणतोय ते पेपर तर पाहिजेतच, पण पाठ करायला नाही. त्या झेरॉक्सचे कात्रीने तुकडे कर, एक प्रश्न एक चिठ्ठी, आणि फराळाचा रिकामा डबा असेल घरात त्यात सगळ्या टाक, चॅप्टर वेगळे ठेवू नको, मिसळ. संध्याकाळी पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि सोडवायच्या आधी फक्त एवढं लिहायचं की हा कुठला टॉपिक, कुठलं समीकरण, पहिली ओळ काय. चॅप्टरच्या खाली गणित सोडवताना पद्धत कुठली ते चॅप्टरचं नावच सांगतं, पेपरात कोण सांगणार? मॅथ्स थ्रीत तर हेच सगळं आहे. इन्व्हर्स लाप्लास दिसला की पार्शल फ्रॅक्शन, शिफ्टिंग का कन्व्होल्यूशन हे ओळखलं की निम्मं काम झालं. किंवा डिफरन्शियल इक्वेशनमध्ये डी वर्ग वजा ४ (डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह) आणि उजवीकडे ई चा २ एक्स, पोरं सरळ डी च्या जागी २ घालतात, खाली शून्य येतं आणि हात थांबतो. तिथे एक्स बाहेर काढून खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, उत्तर एक्स गुणिले ई चा २ एक्स भागिले ४.

मिसळून सोडवायचं हे पण तपासलेलं आहे, रोहरर आणि टेलर, २००७. घनाकृतींच्या घनफळाची गणितं होती, एका गटाने प्रकारानुसार केली, एकाने मिसळून. सराव करताना प्रकारानुसार करणारे बरेच पुढे होते, आठवड्याने टेस्ट घेतली तर त्यांना २० टक्के आणि मिसळून करणाऱ्यांना ६३ टक्के. म्हणून चिठ्ठ्या काढताना पहिले काही दिवस जड जाईल, हिरमुसू नको.

सातरस्ता
चिठ्ठ्यांची आयडिया भारी आहे, हे मान्य. आमचा ग्रुप आहे चार जणांचा, आज रात्रीच कापायला बसतो.

विजापूरवेस
मी कॉम्प्युटरला आहे, आमच्याकडे ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), डीबीएमएस (डेटाबेस), नेटवर्क, टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन). मेकॅनिकलवाल्यांना वाटतं आमची थिअरी आहे, पण इथे पण वाचून काही होत नाही. ओएसमध्ये पेज रिप्लेसमेंट घ्या, म्हणजे मेमरीतल्या जागा (फ्रेम) भरल्या की कुठलं पेज काढून नवीन आणायचं; हवं ते पेज आत नसलं की तो फॉल्ट. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही स्ट्रिंग फिफोने (जे आधी आलं ते आधी बाहेर) ३ फ्रेमला ९ फॉल्ट देते आणि ४ फ्रेमला १०. जागा वाढवली तर फॉल्ट वाढले! हे वाक्य पुस्तकात वाचलं तर "बरं" म्हणून पान उलटतो आपण, पण एकदा चौकोन आखून प्रत्येक पेज हाताने आत-बाहेर केलं ना, तर फिफो सगळ्यात जुनं पेज काढतो आणि ते वापरात आहे का हे बघतच नाही, हे असं काही डोक्यात बसतं की चार मार्कांचा नोट पण आपोआप लिहिता येतो. मी थिअरीचे निम्मे प्रश्न असेच छोटं उदाहरण सोडवून तयार केले. डेटाबेसमधलं नॉर्मलायझेशन (तीच माहिती परत परत येऊ नये म्हणून टेबल तोडणं) पण तसंच, एक वाकडंतिकडं टेबल घ्यायचं आणि स्वतः तोडायचं. आणि कोड कागदावर पेनाने लिहून बघा, लॅपटॉपवर एडिटर अर्ध सांगून टाकतो, पेपरात कोण सांगत नाही.

लूमवाला
चांगला धागा आहे. मी पूर्व भागातला, घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि इंजिनिअरिंग सगळं इंग्लिशमध्ये, अशी लय पोरं आहेत आपल्याकडे आणि ती मागे पडतात ती डोक्यामुळे नाही, इंग्लिश वाक्याच्या भीतीमुळे. होटगीरोड दादांनी तोंडाने बोल म्हणून सांगितलंय त्यात एक घालतो, आधी घरच्या भाषेत बोला. एन्ट्रॉपी काय ते तुम्हाला मराठीत नाहीतर तेलुगूत मित्राला समजावता येत नसेल तर इंग्लिश डेफिनिशन पाठ करून उपयोग नाही, ओरलला एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) दुसरा प्रश्न विचारला की संपलं. आधी घरच्या भाषेत समजावून सांगा, मग तेच इंग्लिशमध्ये तीन-चार साध्या वाक्यात लिहून ठेवा, पुस्तकी इंग्लिश नको.

दुसरं म्हणजे जागा. आमच्या खाली लूम (यंत्रमाग) चालतात, दिवसभर खडखडाट, तिथे गणित होत नाही. ज्यांच्याकडे असं आहे त्यांनी घरी भांडू नका, तो आवाज बंद झाला तर घर चालत नाही. वाचनालय नाहीतर अभ्यासिकेत जा, हिराचंद नेमचंदला किती पोरं बसतात. अवघड गणितं तिथे आणि घरी आल्यावर आवाजात पण होणारी कामं, आकृत्या काढणं, चिठ्ठ्या कापणं, फॉर्म्युले आठवून लिहिणं.

कडकभाकरी
मी रोज अक्कलकोटहून एसटीने येतो, जागा मिळाली तर तो वेळ माझा मटेरियल सायन्सचा. मागच्या कोऱ्या पानावर आयर्न कार्बन डायग्राम न बघता काढायचा. आधी फक्त अक्ष, मग ७२७ डिग्रीची आडवी रेघ आणि तिच्यावर ०.८ टक्क्याला युटेक्टॉइड, मग ११४७ ला ४.३ टक्क्याचा युटेक्टिक, मग कुठे ऑस्टेनाइट कुठे सिमेंटाइट ते भरायचं. उतरायच्या आधी पुस्तकाशी ताडून बघायचं. आता तो डायग्राम माझा हात काढतो, मी नाही. त्याच्यावर हीट ट्रीटमेंटचे प्रश्न पण उभे राहतात कारण अ‍ॅनिलिंगला कुठल्या रेषेच्या वर तापवायचं ते समोर दिसतं.

बाळीवेस_काकू
मी इंजिनिअर नाही, पण माझा मुलगा थर्ड इयरला आहे म्हणून वाचत होते. तो रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागतो, चहावर चहा, सकाळी दहाला उठतो आणि दिवसभर चिडचिड. काही बोललं की म्हणतो रात्रीच अभ्यास होतो, शांत असतं. त्याचं खरं आहे का? जबरदस्ती करावी का करू नये?

होटगीरोड
काकू, जबरदस्ती नको, पण तुमची काळजी अगदी बरोबर आहे. दिवसभर जे शिकलो ते पक्कं व्हायचं काम झोपेतच चालतं, त्यामुळे झोप कापून वाढवलेले तास बऱ्याचदा वाया जातात, त्यात गणिताच्या विषयाला तर ताजं डोकं लागतं. पेपर ज्या वेळेला असतो त्या वेळेला त्याचं डोकं जागं असायची सवय पाहिजे. त्याला एवढंच सांगा की शेवटच्या दोन आठवड्यांत पेपरच्याच वेळेला घड्याळ लावून एक जुना पेपर सोडव, मोबाईल तुमच्याकडे देऊन. तो मोबाईल कपाटात ठेवायचं काम मात्र तुम्ही करा. वेळेवर उठायला लागलं की झोप आपोआप लवकर येते.

निवृत्त_मास्तर
बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं आणि पेपर तपासले, त्या बाजूने थोडं लिहितो. मुलं अभ्यास करतात आणि कागदावर मांडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. गणिताला मार्क स्टेपला असतात. दिलेला डेटा लिहा, आकृती काढा, समीकरण आधी अक्षरांत लिहा आणि मग आकडे घाला, शेवटी एकक लिहा. उत्तर चुकलं तरी पद्धत दिसली तर तपासणाऱ्याला मार्क देता येतात, कॅल्क्युलेटरवर सगळं करून नुसता चुकीचा आकडा लिहिला तर त्याचा हात बांधलेला असतो. हे परीक्षेच्या दिवशी सुचत नाही, घरी सराव करतानाच तसं लिहायची सवय हवी.

आणि उत्तर आलं की एक क्षण थांबून त्याच्याकडे बघा. थर्मोत नोझलचं गणित घ्या, आत येताना वेग नगण्य आणि एन्थाल्पी (वाफेतली ऊर्जा) १०० किलोज्यूल पर किलोने कमी झाली तर बाहेरचा वेग साधारण ४४७ मीटर पर सेकंद येतो. किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिले तर १४ येतो. १४ मीटर पर सेकंद म्हणजे रस्त्यावरच्या मोटारसायकलचा वेग, वाफेच्या नोझलमधून एवढ्या ऊर्जेत तेवढाच कसा येईल? असा प्रश्न ज्याला पडतो त्याचे मार्क वाचतात. स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) पण पीएलमध्ये रोज हाताळा, ज्याने ते उघडून इंटरपोलेशन केलेलंच नाही त्याचा पेपरातला निम्मा वेळ पानं शोधण्यात जातो.

डिप्लोमावाला
डिप्लोमाची पोरं पण वाचत असतील तर सांगतो, एमएसबीटीईच्या (डिप्लोमाची परीक्षा घेणारं बोर्ड) साइटवर जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर असतात, त्यात स्टेपला किती मार्क ते पण दिलेलं असतं. सर म्हणतात तसं कुठल्या ओळीला मार्क आहे ते तिथे स्पष्ट दिसतं. पण आधी स्वतः लिहा आणि मग लाल पेनने त्याच्यावरून स्वतःचं तपासा, उलटं नको.

शेंगाचटणी
आणि एखादा टॉपिक मुळातच कळला नसेल तर? माझं फ्लुइडमधलं बाउंडरी लेअर अजून डोक्यावरून जातंय, कोऱ्या कागदावर काय लिहू?

होटगीरोड
मग तिथे आधी शिकायलाच लागणार. एनपीटीईएल या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, एक टॉपिकचं एक लेक्चर बघ, पण ते बघताना पेन हातात पाहिजे आणि संपल्यावर न बघता पाच ओळी लिहायच्या. एका टॉपिकसाठी चार वेगवेगळ्या सरांचे व्हिडिओ बघत बसू नको, अख्खा दिवस जातो आणि अभ्यास केल्यासारखं वाटतं. ग्रुप असेल तर सगळ्यात बरं, ज्याला आलंय त्याने फळ्यावर समजवायचं, त्याचा पण टॉपिक पक्का होतो. फक्त ग्रुपला बसायच्या आधी प्रत्येकाने आपापलं अडलेलं लिहून आणायचं, नाहीतर सात रस्त्याला चहा प्यायला जाण्यात संध्याकाळ जाते.

कंबरतलाव
सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्या कापल्या काल, लहान बहिणीला डबा दिलाय, ती काढून देते आणि मी पहिली ओळ लिहितो. जड जातंय खरंच, पाचातल्या दोनच ओळखता आल्या, पण कुठले टॉपिक कच्चे आहेत ते एका संध्याकाळीत समजलं. शेवटचं एक विचारतो, टाइमटेबलला थर्मो आणि फ्लुइडच्या मध्ये एकच दिवस सुट्टी आहे आणि एसओएमच्या आधी तीन. त्या गॅपमध्ये काय करायचं?

होटगीरोड
मग आत्ता पीएलमध्ये फ्लुइडला जास्त वेळ दे आणि एसओएमला थोडा कमी, कारण एसओएमला नंतर तीन दिवस मिळणारच आहेत. उलटं करू नको, बरीच पोरं पहिल्या पेपरचाच अभ्यास पीएलभर करतात आणि मधल्या पेपरला मार खातात. थर्मोचा पेपर देऊन आलास की कोणाशी उत्तरं जुळवत बसू नको, जेव, तासभर झोप, संध्याकाळी फ्लुइडच्या चिठ्ठ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, दुपारी त्यात जे चुकलं तेवढंच, रात्री चुकांची वही आणि दहा-साडेदहाला झोप. नवीन टॉपिक त्या दिवशी उघडायचा नाही, राहिला तर राहू दे.

निवृत्त_मास्तर
आणि कॅल्क्युलेटर ज्याच्यावर सराव केला तोच न्या, मित्राचा नको. मॅथ्सच्या पेपरला बसल्या बसल्या रेडियन आहे का डिग्री ते बघून घ्या.